कुत्रं कुणाचं

कुत्रं मला कधीच आवडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी डोळे पुसायला पदर शोधू नये. आमच्या सोसायटीतल्या मुली हल्ली संध्याकाळी गेटपाशी कुत्र्यांना बिस्किटं घालतात, त्यांचे फोटो काढतात आणि हात झटकून लिफ्टनं वर जातात. एकीला मी विचारलं, "ही कुत्री तुझी का?" तर म्हणाली, "नाही आजी, ही सगळ्यांची." म्हटलं, "चावली तर कुणाची?" ती हसली. म्हणाली, "आजी, तुम्हाला ना मायाच नाही." नसेल. पण सगळ्यांचं कुत्रं म्हणजे काय, ते मी बारा वर्षांची असताना बघितलं आहे.

आमची वस्ती रेल्वेच्या मालधक्क्यामागे होती. समोरासमोर पत्र्याच्या घरांच्या दोन रांगा, मधे बोळ, एका टोकाला विहार आणि दुसऱ्या टोकाला नळ. वॅगनी जोडताना असा दणका बसायचा की फळीवरची भांडी हलायची, आणि रात्री पाहुणा असेल तर तो दचकून उठायचा. आम्ही उठत नव्हतो. दादा, म्हणजे माझे वडील, धक्क्यावर हमाली करायचे. सिमेंट उतरवलं त्या दिवशी त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या आणि साखर उतरवली त्या दिवशी अंगावर माश्या बसायच्या. आई विड्या वळायची. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, पत्र्याचा साचा, कातरीची करकर, आणि घरभर तंबाखूचा वास. भाकरीलाही तो वास यायचा. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, कधी सुकट, कधी बोंबलाचं कालवण. चौथी झाल्यावर आईनं माझं नाव शाळेतून काढलं, कारण दोन धाकटे भाऊ सांभाळायला कुणीतरी हवं होतं आणि ते कुणीतरी मीच होते. याबद्दल मला आईचा राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

बोळात एक तांबडं कुत्रं होतं, एक कान फाटलेलं. आमच्या घरी त्याला लाल्या म्हणायचे. समोरच्या जिजाकाकूकडे ते वाघ्या होतं. विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष आनंदाभाऊ त्याला टायगर म्हणायचे, अध्यक्षाच्या कुत्र्याला इंग्रजी नाव हवंच. ते तिन्ही नावांना शेपूट हलवायचं आणि तिन्ही दारी खायचं. सकाळी आमची शिळी भाकरी, दुपारी जिजाकाकूच्या खरकट्याचं पाणी, आणि मटण झालं की अध्यक्षांकडची हाडं.

पगारे मास्तर खरे मास्तर नव्हतेच. जनावरांच्या दवाखान्यात ते जखमा बांधणारे ड्रेसर होते, तिथून निवृत्त झाले आणि वस्तीत शेवटच्या घरात एकटे राहायला आले. तोंडाचे फटकळ, आवाज घोगरा, कुणाच्या घरी चहाला जायचे नाहीत. नोकरीत असताना त्यांनी पिसाळलेलं कुत्रं चावलेला एक माणूस मरताना बघितला होता. त्याबद्दल ते बोलत नसत, पण दर रविवारी वंदना झाली की विहाराबाहेर गोणपाट टाकून पोरांना कुत्र्यांविषयी शिकवायला बसत. आनंदाभाऊंना ते खपायचं नाही. ते पायरीवर उभे राहून म्हणायचे, "विहारापाशी कुत्र्यांची शाळा भरवताय, मास्तर. उद्या म्हशी आणाल."

"म्हशी चावत नाहीत, आनंदा. आणि मी बाहेर बसलोय. आत तू बस."

चौथीनंतर मला शिकवायला बसलेला हा एकच माणूस, आणि तो शिकवणार काय, तर कुत्रं. तरी मी जायची. एका भावाला कडेवर आणि दुसऱ्याला बोटाला घेऊन जायची. मास्तर गोड बोलत नव्हते. "गाढवांनो" म्हणून सुरुवात करायचे. कुत्रं खात असताना हात लावायचा नाही. पिल्लांजवळ जायचं नाही. दगड मारायचा नाही आणि पळायचंही नाही. चावलं तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली, पाचशे आकडे मोजून होईपर्यंत धुवायची आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. पिसाळलेलं कुत्रं कसं असतं ते ते आमच्याकडून करवून घ्यायचे. एकानं लोंबता जबडा करायचा, एकानं बसलेला आवाज काढायचा, एकानं काड्या-माती खायचं सोंग आणायचं. मला बसलेला आवाज चांगला जमायचा. मास्तर म्हणायचे, "शकू बरोबर पिसाळली. बाकीचे अजून शहाणे आहेत."

एका रविवारी त्यांनी आम्हाला घरोघर पाठवलं. दोनच प्रश्न विचारायचे होते. कुत्र्याला खायला घालता का, आणि कुत्रं कुणाचं. पहिल्या प्रश्नाला सगळ्या घरांनी "घालतो की" म्हटलं. दुसऱ्याला एकाही घरानं हो म्हटलं नाही. जिजाकाकू चुलीपुढून न उठता म्हणाली, "जा, मास्तरला सांग, शिळा तुकडा टाकला म्हणून काय ते कुत्रं माझा जावई झालं?" आम्ही हे सांगितल्यावर मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "ज्यानं भाकरी टाकली, कुत्रं त्याचं. जावयाचं मला सांगू नका."

पुढच्या रविवारी त्यांनी दवाखान्यातल्या ओळखीनं कुत्र्याला टोचायचं औषध आणलं. सुई उकळून आणली होती. लाल्याला तिथेच दोरीनं बांधलं होतं. मास्तरांनी वही उघडली आणि म्हणाले, "मालकाचं नाव सांगा. नाव लिहिल्याशिवाय सुई टोचणार नाही. ज्याचं नाव, त्यानं कुत्रं धरायचं, रोज बांधायचं, पुढच्या वर्षी पुन्हा आणायचं." मोठी माणसंही जमली होती. सगळ्यांनी त्याला कधी ना कधी खायला घातलं होतं. कुणीही तोंड उघडलं नाही. मी हात वर करणार होते. पण आईनं सकाळी निघताना बजावलं होतं, "हात वर करू नको, बयो. तुझे भाऊ सांभाळून होत नाहीत, अजून एक गळ्यात नको." मी हात मांडीखाली घेतला. मास्तरांनी सुई डब्यात ठेवली, दोरी सोडली आणि म्हणाले, "मग जाऊ दे बेवारशी."

आज मी या वयात म्हणते, मास्तरांचं चुकलं. सुई हातात होती, कुत्रं समोर बांधलेलं होतं. टोचून टाकायचं आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या द्यायच्या. पण त्यांना आम्हाला धडा शिकवायचा होता. धडा शिकवायला निघालेल्या माणसाला समोरचं दिसत नाही, हे मी पुढे पुष्कळ शिकलेल्या लोकांतही बघितलं.

महिना-दीड महिना गेला असेल. वैशाखातली दुपार होती. जिजाकाकूची बेबी, पाच वर्षांची, उंबऱ्यावर बसून गूळ-भाकरी खात होती. लाल्या आला आणि त्यानं भाकरीचं टोक धरलं. बेबीनं ओढलं. मी आमच्या दारातून बघत होते. तो भुंकला नाही, गुरगुरला नाही, तिच्या दंडाला चावला आणि भाकरी तशीच टाकून निघून गेला. भाकरी टाकून गेला ते मला खटकलं होतं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

मी साबणाची वडी घेतली आणि बेबीला उचलून नळाकडे धावले. वीस आकडे झाले नसतील, तोच जिजाकाकूनं मागून माझ्या पाठीत धपाटा घातला. "पोरीचं रगत वाहू घालतीस व्हय गं, शहाणे?" तिनं बेबीला ओढून नेलं आणि जखमेत लाल तिखट दाबून फडकं बांधलं. बेबीचा आवाज धक्क्यापर्यंत गेला असेल. मग ती तिला कडेवर घेऊन विहिरी बघायला निघाली.

कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकावायचं, म्हणजे विष उतरतं, असं आमच्याकडे सगळे मानायचे. मी मागोमाग गेले. आसपास पाच विहिरी सापडल्या. सहावी बुजवून तिच्यावर गोदाम झालं होतं. जिजाकाकूनं बेबीला गोदामाच्या फरशीवर वाकवलं आणि ती विहीर मोजून टाकली. सातवी एका द्राक्षाच्या मळ्यात होती. मळ्याच्या मालकानं आम्हाला ओळखलं, म्हणजे कोणत्या वस्तीतल्या ते ओळखलं, आणि बांधावरूनच हाकललं. "तिकडंच थांबा. विहिरीपाशी यायचं काम नाही." जिजाकाकूनं बांधावर उभ्याउभ्याच बेबीची मान त्या दिशेला वळवली. "दिसली का गं विहीर?" बेबी म्हणाली, "दिसली." तिला काय दिसणार होतं? ज्या विहिरीच्या काठाला आम्हाला कधी कुणी उभं केलं नाही, तिच्या भरवशावर ती पोरीचा जीव ठेवून परत निघाली. मला तिची दया आली नाही. माझी पाठ दुखत होती.

परत आलो तर बोळात माणसं काठ्या घेऊन जमली होती. त्याच सकाळी बुद्धपौर्णिमेच्या वंदनेला याच सगळ्यांनी विहारात हात जोडून म्हटलं होतं की मी प्राण्याची हिंसा करणार नाही. लाल्या नळामागच्या भिंतीला चिकटून बसला होता. मास्तर त्याच्यापुढे उभे होते.

"मारू नका. मारलं तर पिसाळलेलं होतं का नव्हतं, कधीच कळणार नाही. दहा दिवस बांधून ठेवा. जगलं तर पोरगी सुटली. मेलं तर पिसाळलेलं होतं समजा. आणि पोरीला आजपासूनच सुया सुरू करा."

"बेंबीभोवती चौदा सुया?" जिजाकाकू म्हणाली. "पोरगी सुयांनीच मरंल. मी विहिरी दावून आणल्यात. ज्याचं कुत्रं, त्यानं घ्याव्यात सुया."

आनंदाभाऊंनी अध्यक्षाच्या आवाजात विचारलं, "बांधायचं तर कुणाच्या दारात? कुत्रं कुणाचं?"

एकानं काठी दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, आता मारतील, मग कळणार नाही, मग बेबीला कुणीच दवाखान्यात नेणार नाही. मी म्हटलं, "आमचं हाय."

आईनं माझ्याकडे कसं बघितलं ते मी लिहीत नाही. दादा धक्क्यावरून आले तेव्हा मास्तरांनी कुत्रं आमच्या दारात खांबाला बांधलेलं होतं. त्यांनी भुवया झटकल्या आणि विचारलं, "हे काय?" आई म्हणाली, "तुमच्या लेकीनं जावई आणलाय." दादांनी धक्क्यावरून एक साखळी आणली, दोरी काढून ती लावली, आणि दुसऱ्या दिवशी भावांना घोटीला मावशीकडे पोचवून आले. माझ्याशी बोलले नाहीत.

वस्ती मात्र बोलायला लागली. काल जे सगळ्यांचं होतं ते एका दुपारीत फक्त आमचं झालं. नळावर आमचा हंडा मागे सरकवायचे. आई पुढे गेली की कुणीतरी म्हणायचं, "आधी कुत्रं आवरा, मग पाणी भरा." जिजाकाकू दारात उभी राहून रस्त्यानं जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "यांच्या कुत्र्यानं माझी पोर खाल्ली." तिच्याच हातची खरकटी खाऊन ते कुत्रं वाढलं होतं, पण तिला तसं कोण म्हणणार? पोरांना रविवारी मास्तरांकडे पाठवणं बंद झालं. त्या रविवारी गोणपाटावर मी एकटी होते. मास्तरांनी विचारलं, "खातो का?" मी म्हटलं, "कालपर्यंत खाल्लं. आजचं अजून घातलं नाही." ते म्हणाले, "काठीनं ताट पुढं सार. जवळ जाऊ नको. आणि घरी जा, आज शिकवायला काही नाही."

पाचव्या दिवशी लाल्यानं ताटाकडे बघितलं नाही. खांबापाशी पडलेल्या विडीच्या पानांच्या कातरणी चावत बसला, मग माती चाटली. दुपारी कोपऱ्यावरून ट्रक गेला तेव्हा तो भुंकला, आणि तो आवाज मी ओळखला. मी रविवारी काढायची तोच होता.

मी आईला सांगितलं. तिनं कातर खाली ठेवली नाही. "उन्हानं झालं असंल."

"जबडा लोंबतोय."

"शकू, तोंड बंद ठेव. आता पिसाळलं म्हणालीस तर आपल्याला इथं राहू द्यायचे नाहीत. पाच दिवस राहिलेत. कुणी विचारलं तर ऊन लागलं म्हण."

मी बोळ ओलांडून जिजाकाकूकडे गेले आणि सांगितलं. ती भांडी घासत होती. राखेचा हात तसाच उगारून ती म्हणाली, "तुझ्या जिभेला काही हाड? माझ्या पोरीचं मरण चिंततीस? विहिरी बघितल्यात तिनं. चालती हो." बेबी मागे चिंध्यांच्या बाहुलीला झोपवत होती. दंडावरचं फडकं मळलेलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी लाल्या मेला. मागचे पाय आधी गेले, मग तो आडवा झाला. मास्तर आले, लांबूनच बघितलं आणि खाली मातीतच बसले. मी त्यांना तसं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "मी त्या दिवशी टोचायला पाहिजे होतं." आई दारात उभी होती. ती म्हणाली, "पाहिजे होतं. आता उठा आणि हे पुरा." मास्तर उठले. त्यांनी आणि दादांनी खोल खड्डा खणून त्याला पुरलं.

मग आईनं हात धुतले, लुगडं बदललं आणि बोळ ओलांडून सरळ जिजाकाकूच्या घरात शिरली. मी मागे होते. आईनं बेबीला उचलून कडेवर घेतलं. जिजाकाकू आडवी आली.

"माझी पोर खाली ठेव, शकूची आई."

"नाय ठेवत. कुत्रं आमचं म्हणालात ना सगळे? मग चावलेली पोरगीबी आमचीच. सरक."

जिजाकाकूनं तिच्या झिंज्या धरल्या. आईनं त्या सोडवल्या नाहीत, तशीच चालत राहिली. स्टॅंडपर्यंत एकीचे केस दुसरीच्या मुठीत, आणि मधे बेबी रडतेय, अशी वरात गेली. बसमधे जिजाकाकू मागच्या बाकावर बसली आणि नाशकात पोचेपर्यंत शिव्या देत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी दंड बघितला, कुत्र्याचं विचारलं आणि जिजाकाकूला एवढंच म्हणाले, "सहा दिवस काय केलंत?" तिथून पुढे तिच्या शिव्या बंद झाल्या, आणि आमच्याशी बोलणंही बंद झालं.

चौदा दिवस, रोज एक सुई. न्यायचं काम माझ्याकडे आलं. जिजाकाकू बरोबर यायची, पण आत यायची नाही, बाहेर झाडाखाली तोंड फिरवून बसायची. मी बेबीचे हात धरायची आणि नर्स पाय. सातव्या दिवशी बेबी मला मनगटाला कडकडून चावली. मी घाबरून नर्सकडे बघितलं. नर्स म्हणाली, "घाबरू नको. मीही चावले असते." असल्या वेळी माणूस विनोद करतो याचा मला राग आला होता. आता वाटतं, दिवसभर पोरांची पोटं टोचायची तर दुसरं काय करेल बाई.

सुया संपल्या, पण मास्तरांनी सांगितलं होतं की एवढ्यावर भागत नाही. उशिरा सुरू केल्यात. महिना, दोन महिने, सहा महिनेही लागतात कळायला. माणसाला लागण झाली की पाण्याचा घोट जात नाही, पाणी बघूनच घसा आवळतो. आईनं ते ऐकून घेतलं. दुसऱ्या सकाळपासून ती विड्यांना बसायच्या आधी पाण्याचा तांब्या भरून दारात उभी राहायची आणि बेबीला हाक मारायची. बेबी बोळ ओलांडून यायची, दोन्ही हातांनी तांब्या धरून घटाघटा प्यायची, ओठ पुसायची. आई तिच्या गळ्याकडे बघत असायची. तांब्या रिकामा झाला की आई आत यायची आणि पानं कातरायला घ्यायची. समोर जिजाकाकू आमच्याकडे पाठ करून दार झाडत असायची, आणि बेबीचं पिऊन होईपर्यंत त्याच एका जागी झाडत असायची.

असा आषाढ गेला, पोळा गेला, दिवाळी झाली. भाऊ घोटीहून परत आले. मास्तरांनी पुन्हा रविवारी बसायला सुरुवात केली. आधी तीन पोरं आली, मग सात-आठ. थंडी पडली. बेबी थंडीत कुडकुडत येऊन गार पाणी प्यायची, दात वाजवायची आणि पळायची.

मग एका सकाळी आईनं तांब्या भरला नाही. तिनं बोटांवर महिने मोजले असतील, किंवा कंटाळली असेल, मी विचारलं नाही. ती सरळ पाटावर बसली आणि साचा हातात घेतला. बेबी नेहमीसारखी आली आणि आमच्या दारात उभी राहिली. आई म्हणाली, "जा, झालं आता." बेबी तिथेच उभी. समोरचा खराटा थांबला. जिजाकाकू वळली. आठ महिन्यांत आमच्या दाराकडे तोंड करून ती पहिल्यांदा बोलली.

"पाणी द्या की तिला," ती म्हणाली.

आई उठली आणि तिनं तांब्या भरला.